जावा बेटावरची हळद

कुणीतरी आपल्याला फसवलंय. काल-परवा नाही, पिढ्यान्‌पिढ्या फसवलंय, आणि तेही आपण उघडेवाघडे न्हाणीघरात बसलेलो असताना! अंगावर फेस आला की माणूस स्वच्छ झाला, हे कुणी ठरवलं? कुणाच्या फायद्यासाठी ठरवलं? ज्यांनी ठरवलं त्यांना लाज कशी वाटली नाही?

हे काटेवाडीच्या ऋषिराजचं भाषण. दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला त्यानं ते गोठ्यासमोर उभं राहून केलं आणि घरातला साबण उकिरड्यावर भिरकावला. (म्हशींनी माना डोलावल्या, असं तो अजून सांगतो.) ऋषिराज बारामतीच्या कॉलेजातून केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालेला, त्यामुळे केमिकलवर त्याचा भारी राग.

साबणाच्या जागी त्यानं सगळं जग न्हाणीत आणून बसवलं. मोरोक्कोच्या बायका म्हणे मातीनं न्हातात. मोरोक्को लांब, म्हणून कालव्याकाठची चिकणमाती. जपानच्या बायका तांदळाच्या धुवणानं केस धुतात. आमच्याकडं ते धुवण म्हशीला जातं, म्हणून निम्मं म्हशीला, निम्मं ऋषिराजला. (केस म्हशीचे चमकले.) ग्रीसचं ऑलिव्ह तेल परवडेना, तिथं करडईचं तेल आलं. एकूण काय, जग आणि काटेवाडी यांच्यात तडजोड होऊन जे उरायचं, ते ऋषिराजच्या अंगाला लागायचं.

इथवर सगळं ठीक होतं. पण मध्येच त्याचं लग्न जमायला लागलं.

शेताला पाणी, बांधलेलं घर, पदवी, सगळं असून तीन वर्षं प्रत्येक स्थळाकडून एकच उत्तर यायचं, "कळवतो." आणि मग डाळजची माधवी. बारामतीतल्या एका दवाखान्यात लॅब टेक्निशियन, आत्याकडं राहणारी. बघण्याच्या कार्यक्रमात ऋषिराज साबणाच्या कटकारस्थानावर बराच वेळ बोलला. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "पण अंघोळ करता ना?"

आणि ती हसली. त्या हसण्यावर ऋषिराजनं पुढचे कित्येक दिवस काढले. डाळजकरांनी "कळवतो" म्हटलंच नाही. म्हणाले, "येत्या रविवारी घर बघायला येतो."

शनिवारी दुपारी ऋषिराजनं आरशात बघितलं. उन्हानं रापलेला हा चेहरा उद्या दिवसाउजेडी माधवीचे लोक बघणार. त्यात काय, असं कुणी म्हणेल. पण याच ऋषिराजनं गणपतीत माइकवरून सांगितलं होतं, "तोंड उजळायला काहीबाही फासणारा तरुण हा गुलाम आहे, गुलाम!" टाळ्या पडल्या होत्या. म्हणून त्यानं आधी मागच्या खोलीची कडी लावली.

मोबाईलवर जावा बेटावरचं 'लुलूर' सापडलं. तिथल्या नवऱ्या मुली लग्नाआधी ते अंगाला चोळतात म्हणे. हळद, तांदळाचं पीठ, दही. दही सकाळीच कढीत गेलेलं, म्हणून करडईचं तेल. हळद एक चमचा लिहिलेली, पण चमचा केवढा ते लिहिलेलं नव्हतं. त्यानं वाटी घेतली. डोक्यापासून तळपायापर्यंत लेप देऊन तो वाळायची वाट बघत पंख्याखाली सतरंजीवर आडवा झाला, आणि झोपला.

जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. न्हाणीत जाऊन त्यानं बादल्यांवर बादल्या ओतल्या. तेलावरून पाणी मोकळं निघून जाई, रंग जागचा हलेना. आई-आप्पा चोरून साबण वापरतात, हे त्याला ठाऊक होतं, पण तो कुठं असतो हे विचारायचं तोंड त्याला राहिलं नव्हतं.

आरशात एक पिवळा माणूस त्याच्याकडं भेदरून बघत होता.

हळदच आहे, त्यानं स्वतःला समजावलं. पण नखं? आणि डोळे? डोळ्यांत लेप गेल्यानं ते चुरचुरत होते, पण चुरचुर तरी लेपाचीच कशावरून? मळमळतही होतं. मोबाईलला विचारलं. मोबाईलनं थेट यकृत काढलं. मग त्याला आठवलं, आठवडाभर आपण कोरियाच्या पद्धतीनं आंबवलेला कोबी खातोय, जो फक्त वासावरून आंबलेला आहे की सडलेला हे कळत नव्हतं.

तेवढ्यात कडी वाजली. टॉवेल गुंडाळून त्यानं दार उघडलं.

"आगं बया बया!" आईच्या हातातली चरवी पडली. "आवो, ऐकलं का? पोराला कावीळ झाली!"

आप्पासाहेब धावत आले. आईनं ऋषिराजची खालची पापणी ओढली. "डोळं बघा की! हळदीवानी झाल्यात!"

हळदीवानी! एक शब्द बोलला असता तर सगळं तिथंच मिटलं असतं. पण जिभेवर तो गणपतीतला माइक येऊन बसला. आणि खरं सांगायचं तर आता त्याची त्यालाच खात्री उरली नव्हती.

"आई, डॉक्टरकडं..."

"डाक्टरकडं नंतर. आदी बिरदेव तात्या."

बिरदेव तात्या शेजारच्या वस्तीवर कावीळ उतरवायचे. पितळी ताटात चुन्याची निवळी घ्यायची, रोग्याचे हात त्यात चोळायचे, पाणी पिवळं पडलं की कावीळ उतरली. ही हातचलाखी ऋषिराजनंच कॉलेजच्या प्रदर्शनात उघडी पाडली होती. आधी तळव्याला आंब्याच्या सालीचा रस लावलेला असतो, मग चुना लागला की पाणी पिवळं! तेव्हापासून तात्या त्याच्याशी बोलत नव्हते.

आज बोलले. "आलं का सायन्स? बस हितं. हात पुढं कर."

आपण काय पाप केलंय म्हणून इथं बसलोय, असा विचार करत ऋषिराजनं हात पुढं केले. तात्यांनी निवळी ओतली, चोळायला सुरुवात केली.

पाणी पिवळं झालं नाही. लाल झालं.

आधी बोटांच्या बेचक्यांतून, मग मनगटावरून लाल ओघळ निघाले आणि ताटात साचले. कोंबडं कापल्यासारखं लाल! तात्यांचे हात थांबले. त्यांनी स्वतःचे तळवे उलटसुलट करून बघितले, तेही लाल. इतक्या वर्षांत त्यांच्या ताटात असं कधी उतरलं नव्हतं. ते बसल्या जागी मागं सरकले.

"आप्पासाब," ते म्हणाले, "ह्ये माज्या हातचं न्हाय. रक्त उतारलंय. आत्ताच्या आत्ता बारामतीला न्या."

ज्या तात्यांनी आजवर कुणालाही दवाखान्यात जाऊ दिलं नव्हतं, ते दवाखाना म्हणाले! तात्या लबाड आहेत, याचाच तर ऋषिराजला आजवर आधार होता. आता तात्याच खरे भ्यालेले म्हटल्यावर त्यानं कुणाच्या तोंडाकडं बघायचं?

शेजारच्या शहबाजनं गाडी काढली. मागच्या सीटवर आईच्या मांडीवर डोकं ठेवून ऋषिराज मरणाची वाट बघू लागला. आई मोरगावच्या गणपतीला अनवाणी येण्याचा नवस बोलत होती.

"मावशी, रडू नका, मला रस्ता दिसंना," शहबाज म्हणाला.

"रडतीया मी, तुला का दिसंना?"

"मी बी रडतुया की!"

पुढच्या सीटवर आप्पासाहेबांनी खूप वेळ हातात धरलेला फोन शेवटी कानाला लावला. सरळ माणूस, लपवाछपवी जमायची नाही. "पाव्हणं, उद्या येऊ नगा. पोरगं लई आजारी हाय. रक्ती कावीळ म्हणत्यात. दवाखान्यात निघालोय... न्हाय, न्हाय, पुढचं मी कळवतो."

ऋषिराजनं डोळे मिटले. ज्या एका स्थळानं "कळवतो" म्हटलं नव्हतं, त्याला आज त्याच्या बापानंच "कळवतो" म्हटलं होतं. कावीळ त्या क्षणी त्याला बरी वाटली.

दवाखान्यात डॉक्टरांनी भुवया वर केल्या आणि रक्त तपासायला सांगितलं. आत खुर्चीवर बसताना ऋषिराजनं समोर बघितलं. सुई घेऊन माधवी उभी होती. वडिलांचा फोन तिला येऊन गेला होता हे दिसतच होतं, कारण तिचा चेहरा तिच्या कोटापेक्षा पांढरा पडला होता.

"हात पुढं करा," ती हळूच म्हणाली. "मूठ आवळा. भिऊ नका."

तिनं स्पिरिटचा बोळा दंडावरून फिरवला. बोळा पिवळाधमक. दुसरा घेतला, तोही पिवळा. पिवळ्या हातावर बोळ्याएवढा सावळा, निरोगी, काटेवाडीचा तुकडा उघडा पडला.

माधवीनं बोळा नाकाशी नेला. त्याच वेळी वास ऋषिराजच्याही नाकात शिरला. आईची कढी! आणि पाठोपाठ प्रॅक्टिकलच्या तोंडी परीक्षेतलं त्याचं स्वतःचं खणखणीत उत्तर आठवलं. हळद अल्कलीत लाल होते. चुना म्हणजे अल्कली. (त्या उत्तराला सरांनी पाठ थोपटली होती.)

आता गप्प बसलं तरी चालणार होतं. रिपोर्ट चांगला आला असता, कावीळ आली तशी गेली म्हणता आलं असतं, माइक शाबूत राहिला असता. पण समोर ती तशीच उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावर अजून रंग आला नव्हता. ती आपल्यासाठी भ्यायली होती.

"काय लावलंय?" तिनं विचारलं.

"लुलूर. जावा बेटावरचं."

"कशासाठी?"

"उद्या तुमच्याकडचे येणार होते म्हणून," तो जमिनीकडं बघत म्हणाला. "चेहरा जरा बरा दिसावा म्हणून."

माधवीनं ओठ घट्ट दाबले. खांदे मात्र हलत होते. "रक्त तर मी काढणारच," ती म्हणाली. "तुमच्या बोलण्यावर इश्वास कोण ठेवील?" आणि सुई अंमळ जोरातच टोचली.

रिपोर्ट आला. सगळं ठीक. माधवी पिवळे बोळे ट्रेमध्ये घेऊन त्याला बाहेर घेऊन आली. बाहेर आई, आप्पा, शहबाज होते, आणि बातमी ऐकून शहाळं घेऊन आलेली माधवीची आत्या प्रयागबाई.

"कावीळ न्हाय, हळद हाय," माधवीनं सांगितलं. कुणालाच खरं वाटेना. तिनं कोपऱ्यातल्या बेसिनवरची साबणाची वडी ऋषिराजपुढं धरली. "लावा."

"मी साबण..."

"लावा म्हणते ना."

दिवाळीनंतर पहिल्यांदा त्यानं साबण हातात घेतला. फेस आला तो लालभडक. आई पुन्हा किंचाळली, मग थांबली, मग तो फेस बोटावर घेऊन तिनं वास घेतला. कुंकू पुडीतून यायला लागल्यापासून ते हळदीला चुना लावून होतं, याचा घरात सगळ्यांनाच विसर पडला होता.

"मेल्या," ती सावकाश म्हणाली, "माज्या वर्साच्या हळदीची वाटी!"

शहबाज भिंतीला धरून हसत खाली बसला. आप्पासाहेबांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. ते प्रयागबाईंकडं वळले. "ताई, काय तोंड दाखवू तुमाला? तुमी डाळजला काय कळवायचं ते कळवा."

प्रयागबाईंनी ऋषिराजला केसांपासून नखांपर्यंत निरखलं. शहाळं बाकड्यावर ठेवलं. मग ट्रेमधले बोळे कचऱ्याच्या डब्यात टाकायला निघालेल्या भाचीला त्यांनी हाक मारली.

"माधवे, थांब, टाकू नगंस त्यो कापूस. नवऱ्याची उष्टी हळद हाय ती. तुला लागंल."