अप्पांचा पाव्हणा

मन्मथअप्पांकडे दहा-बारा वर्षांपूर्वी एक पाव्हणा दोन दिवसांसाठी म्हणून उतरला आणि पुढं गेलाच नाही. आमच्या लातूर-नांदेडकडे पाव्हणा म्हणजे नुसता चहा पिऊन जाणारा नव्हे. मेव्हण्यापासून चुलतसासऱ्याच्या साडूपर्यंत सगळे नातेवाईक पाव्हण्यातच मोडतात. त्यामुळे अप्पांचा कुणीतरी म्हातारा नातेवाईक त्यांच्या घरी अंथरुणाला खिळून आहे, अशी आमच्या गल्लीची पक्की समजूत होती. त्याला कुणी पाहिलं नव्हतं, पण त्याचं पथ्यपाणी सगळ्यांना पाठ होतं, कारण अप्पांना हळू बोलता येत नसे. दुकानाला निघताना ते फाटकातूनच स्वयंपाकाच्या शांताबाईंना ओरडून सांगत, "पाव्हण्याला मिरची द्या! आन् अंगावर ऊन येऊ देऊ नका!" पेरूच्या गाड्यावर एकेक पेरू दाबून बघत आणि म्हणत, "पाव्हण्याला टणक चालत न्हाई." बिचाऱ्याचे दात गेले असणार, म्हणून गल्लीतल्या बायका हळहळत. दात गेलेला माणूस मिरची कशी खातो, हे कुणी विचारलं नाही.

पाव्हणा पोपट होता. हे फक्त शांताबाईंना ठाऊक होतं आणि आमची परसातली भिंत सामाईक असल्यामुळे मला.

अप्पा मूळचे उदगीरकडचे लिंगायत. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, खिशाला दोन पेनं आणि चेहऱ्यावर कायम उधारी नाकारण्याचा भाव. लातूरच्या गंजगोलाई बाजारात त्यांचं सरकी-पेंडीचं दुकान. तालुक्यातल्या निम्म्या म्हशी आपल्या जिवावर दूध देतात, असं ते बिनदिक्कत सांगत. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलता मुलगा पुण्याला. अप्पांचं तत्त्वज्ञान एका वाक्याचं होतं: "जीव लावायचा न्हाई बगा कशाला." जुनं गिऱ्हाईक तुटलं तरी हेच, विहिरीत मोटर पडली तरी हेच, मुलगा दिवाळीला आला नाही तरी हेच. मी नांदेडचा. माझा चेहरा जरा पडलेला दिसला की म्हणायचे, "तुमी नांदेडची मानसं लई हळवी."

पोपटाचं पिल्लू त्यांनी दुकानामागं मांजराच्या तोंडातून सोडवलं होतं. एक पंख मोडलेला. "पंख जुळला की जाईल, आपल्याला काय," असं म्हणत त्यांनी ते टोपीत घालून घरी आणलं. पंख जुळला, पण वाकडा जुळला. भिंतीवर चढण्याइतकंही उडता येईना. अप्पांनी पिंजरा आणला आणि त्याचं दार पकडीनं काढून टाकलं. मी एकदा भिंतीवरून म्हणालो, "अप्पा, पोपट पाळायला कायद्यानं बंदी आहे हो."

"म्या कुटं पाळलाय? पाव्हणा हाय त्यो."

"मग लपवता कशाला?"

अप्पांनी इकडंतिकडं पाहिलं आणि त्यांना जमेल तितका आवाज उतरवला. तो तीन घरांपलीकडं गेला असेल. "मानसं हसतेत ओ. साठी उलटलेला मानूस पाखराशी बोलतो म्हनतील."

आणि अप्पा त्याच्याशी बोलत. बोलत म्हणजे काय, अखंड गप्पा मारत. आमची चहाची वेळ आणि त्यांची गप्पांची वेळ एकच होती. सरकीचा भाव, मुलाचा फोन, गुडघा, सगळं त्याला कळत होतं. पोपटाला एकच वाक्य येई, तेही कानडी. अप्पा दुकानातून आले की तो मान वाकडी करून विचारायचा, "ऊटा आय्तेनो मन्मथा?" जेवलास का रे मन्मथा? अप्पा चपला काढता काढता उत्तर द्यायचे, "आय्तु, आय्तु." झालं, झालं. अप्पांच्या घरात लहानपणी आई कानडी बोलायची, एवढं मला माहीत होतं. तेव्हा हे वाक्य आईचंच, आणि पोपटानं ते आईकडूनच उचललेलं, असं मी धरून चाललो होतो.

लपवण्याला आणखी एक कारण होतं. समोरच्या गिरी सरांचा टायगर नावाचा कुत्रा मेला, तेव्हा सर दोन दिवस शाळेत गेले नाहीत. ओट्यावर बसून डोळे पुसत होते. अप्पा रस्त्यात थांबले आणि चारचौघांसमोर कडाडले, "काय करलालाव सर? कुत्रं होतं ते! रडायचं पानी मानसासाठी ठिवा जरा!" माणसं हसली. मीही हसलो, खोटं कशाला बोलू. सर उठून आत गेले. भिंतीपलीकडं कोण राहतं हे ठाऊक असूनही मी हसलो, याची लाज मला पुष्कळ उशिरा वाटली.

गेल्या उन्हाळ्यात पाव्हण्यानं खाणं सोडलं. पेरू नको, भिजवलेले हरभरे नकोत, मिरचीकडं तर पाठच. पिंजऱ्यात कोपऱ्याला फुगून बसलेला. मी म्हणालो, "जनावरांच्या दवाखान्यात नेऊ या."

"तिथं?" अप्पांचा चेहराच बदलला. "आवो, तिथं सगळी आपलीच गिऱ्हाइकं. पेंडवाला अप्पा पोपट घिऊन आला म्हनतेल."

तरी दुसऱ्या दिवशी सकाळी ते निघाले. कापडी पिशवी छातीशी धरलेली, वर टॉवेल. फाटकाशी गिरी सर भेटले. "काय अप्पा, पिशवीत काय?"

"पेरू," अप्पा म्हणाले आणि झपाझप निघून गेले.

तासाभरानं परत आले. मी भिंतीशीच होतो. "काय म्हणाले डॉक्टर?"

"गर्दी हाय," एवढंच बोलून अप्पा आत गेले.

पाव्हणा दुसऱ्या दिवशी सकाळी गेला. अप्पांनी मला भिंतीवरून हाक मारली नाही, नुसते येऊन उभे राहिले. मी पलीकडं गेलो. परसातल्या बेलाच्या झाडाखाली अप्पांनी स्वतः खड्डा खणला. मी पोपट आडवा ठेवायला गेलो तर हात धरला. "तसा नको. आमच्यात पुरताना बसवतेत." मग त्यांनी त्याला बसवलं. एका हातानं मान धरून दुसऱ्या हातानं इवल्याशा कपाळाला विभूती लावली, पुढ्यात बेलाचं पान ठेवलं. मला हसू येऊ लागलं होतं. ते मी खोकल्यात घालवलं. अप्पांनी माती लोटली आणि म्हणाले, "जीव लावायचा न्हाई." ते कुणाला म्हणाले कळलं नाही.

त्या दिवशी दुकान उघडलं नाही. अप्पांचं दुकान बंद म्हटल्यावर लोक विचारणारच. शांताबाईंनी नळावर खरं तेच सांगितलं, "अप्पाचा पाव्हणा गेला."

दुपारपासून माणसं भेटायला येऊ लागली. कुणी पिठलं-भाकरी घेऊन आलं, कुणी डब्यातून खिचडी. व्हरांड्यात सतरंजी पडली. अप्पा भिंतीला टेकून बसले होते. मला वाटलं, आता सांगतील. पण त्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं आणि नजर खाली घातली. त्यात त्या एका 'पेरू'पलीकडं अप्पांना खोटं बोलण्याची सवय नव्हती. त्यामुळे ते प्रत्येक प्रश्नाला खरं उत्तर देत गेले.

"काय व्हायलं होतं?"

"खानं सुटलं."

"वय किती होतं ओ?"

"धा-बारा आसंल."

"अगं बाई! लेकरूच की!" एक मावशी पदर तोंडाला लावून म्हणाली. "आन् आमी म्हातारा समजलालाव!"

"न्हाई, त्यांच्यात हे म्हातारंच," अप्पा गडबडून म्हणाले. एखादं दुखणं घेऊनच जन्मलं असेल, अशी समजूत सगळ्यांनी करून घेतली आणि कुणी अधिक खोलात गेलं नाही.

"चालता-फिरता येत होतं का?"

"चालायचा. उडता..." अप्पा अडखळले. "उटता येत नव्हतं नीट."

"आईबाप?"

"ठावं न्हाईत. मांजरानं..." इथं मी मोठ्यानं पाणी मागितलं.

खरं सांगायचं तर मला आत गुदगुल्या होत होत्या. हा किस्सा नांदेडला भावांना कसा रंगवून सांगायचा, याची मी मनात जुळवाजुळव करत होतो. अप्पांकडं बघत नव्हतो. बघितलं असतं तर कळलं असतं की प्रत्येक नव्या माणसागणिक ते आणखी आखडून बसत होते.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गिरी सर आले. त्यांच्या हातात टॉवेल आणि टोपी होती. आमच्याकडं दुःखातल्या माणसाला जवळच्यानं टॉवेल-टोपी द्यायची आणि कामाला लावायचं, अशी रीत आहे. सरांमागं गल्लीतली पाच-सहा माणसं. सर म्हणाले, "अप्पा, झालं ते झालं. आता उठा, दुकान उघडा." आणि टोपी घालायला पुढं झाले.

अप्पा मागं सरकले. डोक्यावर दोन्ही हात धरले.

"ही मला घालू नका, सर. तुमी तर घालूच नका."

"का हो?"

"पाव्हणा मानूस नव्हता. पोपट होता."

मग मागून कुणीतरी फस्सकन हसलं आणि लगेच घसा खाकरला. मावशी म्हणाली, "म्हंजी मी पोपटासाठी पिठलं आनलं?" अप्पांची मान इतकी खाली गेली की कपाळाची विभूती दिसेना. मी सतरंजीचे दोरे बघत बसलो. सगळं माहीत असून तीन दिवस मजा बघणारा मी एकटाच होतो तिथं.

"तुमच्या टायगरच्या वक्ताला म्या काय बोल्लो, याद हाय मला," अप्पा खालीच बघत म्हणाले. "तवा घरात ह्यो होता. तुमाला तसं बोलून घरी आलो आन् ह्याला पेरू चारला. आन् त्या दिवशी पिशवीत पेरू नव्हते, सर. ह्योच होता. दवाखान्याच्या दारापातूर गेलो. दारात चार गिऱ्हाइकं म्हशी घिऊन हुबी. मला लाज वाटली. म्हागं आलो. डाक्टरनं वाचवला आसता का न्हाई, ठावं न्हाई. पर म्या लाजंपायी म्हागं आलो ओ."

सर टोपी हातात घेऊन तसेच उभे होते. मग ते अप्पांच्या समोर मांडी घालून बसले.

"बोलायचा का तो?"

"बोलायचा. ऊटा आय्तेनो मन्मथा, म्हनायचा. जेवलास का म्हनून इचारायचा."

मला वाटलं, आता आपण काहीतरी मदत करावी. "अप्पांच्या आईचं वाक्य आहे ते," मी सरांना म्हणालो. "त्यांच्याकडूनच शिकला असणार."

"न्हाई," अप्पा म्हणाले. "पाव्हणा यायच्या लई आदी आई गेली. तिला ह्यो ठावं न्हाई. म्याच शिकवलं त्याला. बायको गेल्यावर. रोज सकाळी त्याच्यापुडं बसून म्याच म्हनायचो, ऊटा आय्तेनो मन्मथा, ऊटा आय्तेनो मन्मथा. लई दिस लागले." ते थांबले. "कुनीतरी इचारावं म्हनून. लाज वाटलाली सांगायला."

माझा किस्सा तिथंच संपला. नांदेडला तो मी कुणाला सांगितला नाही.

गिरी सर उठले. या वेळी त्यांनी विचारलं नाही. टोपी अप्पांच्या डोक्यावर घातली, टॉवेल खांद्यावर टाकला आणि म्हणाले, "दहा-बारा वर्षं घरात राहिला, मग पाव्हणाच की." मावशी डबा उचलायला वाकली, पण तिनं तो उचलला नाही. "पिठलं गार व्हायलंय, खाऊन घ्या," एवढं म्हणून ती गेली.

दुसऱ्या दिवशी अप्पांनी दुकान उघडलं. संध्याकाळी ते घरी आले तेव्हा मी फाटकाशी होतो. समोरच्या ओट्यावरून गिरी सर उठले, रस्ता ओलांडून आले आणि शाळेतल्या पोरानं पाठांतर म्हणावं तसं एका दमात म्हणाले, "ऊटा आय्तेनो मन्मथा?"

मी दचकलो. सरांना कानडीतला ओ की ठो कळत नाही. ऐकलं तसं त्यांनी पाठ केलं होतं, आणि वयानं वडील असलेल्या माणसाला भर रस्त्यात एकेरीत हाक मारून बसले होते.

अप्पा थांबले. "सर, आसं बारक्या पोराला म्हनतेत. मोट्या मानसाला दुसरं हाय."

सर ओशाळले. "चुकलं अप्पा. मग तुम्हाला काय म्हणू?"

अप्पांनी फाटकाची कडी काढली, पुन्हा लावली. डोक्यावर ती नवी टोपी होती.

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचा आवाज मला जेमतेम ऐकू आला. "हेच म्हना."