सगळ्यांच्या मागं गार्डसाहेब

लोणावळ्याचे पाटणकर गार्ड कुणाच्या पुढं चालत नाहीत. कुणाच्याच. माझ्या नातीच्या लग्नात दर पंगतीला "आधी बाकीचे बसू देत" म्हणत राहिले आणि शेवटी आचाऱ्यांबरोबर जेवले, तोवर जिलेबी संपलेली. पवनानगरला येताना सगळे चढेपर्यंत खाली उभे राहतात. त्या नादात दोनदा एसटी निघून गेली. खोड काही गेली नाही.

तीस वर्षं मालगाडीच्या शेवटच्या डब्यात बसून माणूस असा झाला. रिटायर झाल्यापासून थंडीचे चार महिने दर रविवारी तिकोणा गडाखालच्या आमच्या पेठेत येतात आणि सगळ्यांच्या मागनं गड चढतात. गळ्यात दुर्बीण, पाठीवरच्या सॅकला लाल फडकं लटकवलेलं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी विचारलं, "साहेब, नवस बोललाय का काय?"

"नाही आबा. शेवटच्या डब्याला खूण असते. स्टेशनातल्या माणसाला ती दिसली, की समजायचं गाडी पूर्ण आली. वाटेत डबे सुटले नाहीत."

"आन् तुमच्या मागं काय ऱ्हातंय?"

"तेच तर बघत येतो," म्हणाले.

मी चौथीतून शाळा सोडली, पण हा गड मला पाठ आहे. चाळीस वर्षं लोकांना वर नेतोय. मी सगळ्यांच्या पुढं, हातात लोखंडी टोकाची काठी, ती दगडावर ठक्क ठक्क वाजवत. साप बाजूला होतो, आणि मागच्याला कळतं आबा कुठं पोचला. पुण्याची पोरं विचारतात, आबा, एखादं जनावर दिसेल का? मी सांगतो, "पयलं लय हुतं. आता जंगलात काय ऱ्हायलं न्हाई." मी सांगितल्यावर विषय संपतो.

गार्डसाहेबांचा संपत नसे. खाली उतरून चहा घेताना हळूच म्हणायचे, "आज भेकर दिसलं."

"कुटं?"

"कारवीच्या वळणावर."

"म्या तितूनच गेलो की!"

"हो. तुम्ही गेलात, मग ते आलं."

पोरं हसायची. मीही म्हणायचो, "साहेबास्नी रिकाम्या रुळावर हत्ती दिसंल!" ते रागवायचे नाहीत. सॅकमधून चिक्कीचा पुडा काढायचे, अख्खे तुकडे सगळ्यांना वाटायचे आणि तळाचा चुरा स्वतः खायचे.

भेकर म्हणजे कुत्र्यासारखं भुंकणारं लहानसं हरीण. साहेबांचं भेकर मादी होती, पुढच्या डाव्या पायानं लंगडी. तारेच्या फासातून सुटली असावी. चार हिवाळे तिलाच बघतोय, असं त्यांचं म्हणणं. "लेट चालते," म्हणायचे, "पण येते."

यंदा ती येईना. पाच रविवार चहा झाला, चिक्की झाली, पण ते वाक्य काही आलं नाही. सहाव्या रविवारी न राहवून मीच विचारलं, "तुमचं भेकर काय म्हनतंय?"

"कुठं पत्ता नाही, आबा." चहा तसाच गार होत होता. "पुन्हा फासात सापडली असेल. पुढच्या रविवारी एकदा बघतो. नाहीतर मग नको. रिकामं वळण बघायला एवढं यायचं कशाला?"

मला काय वाटलं ते सांगत नाही. पण आठवडाभर तंबाखू गोड लागली नाही.

रविवारी पहाटेच बारा पोरं गडासाठी आली. मी म्हणालो, "वाट सरळ हाय. तुमचं तुमी व्हा पुडं." पोरं गेली. खाली मी आणि साहेब उरलो.

"चला आबा."

"न्हाई. आज म्या मागं."

"मागं मी असतो."

"म्या मावळातला हाय. माझ्या गडावर मला कुटं चालायचं ते सांगू नका!"

बराच वेळ कुणी पाऊल उचललं नाही. कारभारीण हंडा घेऊन दोनदा आली-गेली. तिसऱ्यांदा म्हणाली, "दोगं म्हातारी हितंच हुबी ऱ्हानार का? वाट काय येका मानसापुरती हाय व्हय?"

मग आम्ही बाजूबाजूनं निघालो. साहेबांनी माझ्या काठीकडं बघितलं. काठी मी सोडणार नव्हतो, पण टोकाला मफलर गुंडाळला. कान पार गारठले.

कारवीच्या वळणावर दगडाआड बसलो. पोरांचा आवाज वर वर जात विझला. धरणावरचं धुकं अजून उठलं नव्हतं. आधी मुंगूस आलं. मग रानकोंबडी पाचोळा उकरत निघाली, माझ्या वाटेवर, घरामागच्या परड्यातल्यासारखी. चाळीस वर्षं ही कुठं होती, ते मी कुणाला विचारणार?

ऊन वळणावर आलं आणि साहेबांनी माझं मनगट धरलं. कारवीची झुडपं हलली. तांबूस अंग, बारीक पाय. तिनं डावा पाय अलगद टेकला, थबकली, वाटेवर आली. मागोमाग, पाय फाकवत, एवढंसं पाडस.

"गाडी पूर्ण आली," साहेब पुटपुटले.

मायलेकरं पलीकडं गेली तरी मनगट सुटेना. मी वळलो, तर साहेबांची दुर्बीण गळ्यातच. ते माझ्या तोंडाकडं बघत होते.

"दिसली ना, आबा?"

"व्हय."

"नक्की?"

"लंगडी हाय. डावा पाय. पिल्लू बी लय ग्वाड हाय."

त्यांनी डोळे पुसले. म्हणाले, "मागच्या डब्यातून खूप बघितलं हो. मोर, कोल्हे. एकदा घाटात गाडी पुढं गेली आणि रुळाकाठी बिबट्या येऊन बसला. नुसतं 'ते बघा' म्हणायलासुद्धा डब्यात दुसरं कुणी नसायचं."

मी काठीचा मफलर नीट केला. दुसरं काय करणार?

दुपारी पोरं खाली आली. चहा घेताना एकानं विचारलं, "आबा, आज काही दिसलं का?"

"भेकर," मी म्हणालो. "पाडसासकट."

"कुठं?"

"कारवीच्या वळनावर. तुमी गेल्यावर."

पोरं खो खो हसली. गार्डसाहेबांनी चिक्कीचा पुडा काढला, अख्खे तुकडे पोरांना वाटले. चुरा आम्ही दोघांनी खाल्ला.