आधी सांग, मंग पाय

डॉक्टरांनी रक्तदाब मोजायला दंडाला पट्टा गुंडाळला, की गुरनुले भाऊ श्वास अर्धा सोडून थांबत आणि यंत्राच्या आधी स्वतःच आकडा सांगून मोकळे होत. "एकशे चाळीस. पाहा आता, साहेब." डॉक्टर वैतागत. आकडा बरोबर आला की आणखी वैतागत.

हे आमच्या मूल गावचे निवृत्त कवायत मास्तर. बंद पडलेल्या राइस मिलच्या गोदामात ते आम्हाला छऱ्याची रायफल चालवायला शिकवत. मी तेव्हा कॉलेजात होते. छर्रे अडवायला निशाण्याच्या कार्डामागे कोंड्याची पोती रचलेली असत. आजही कुठे धान भरडल्याचा वास आला, की माझा डावा डोळा आपोआप मिटायला लागतो.

नेमबाजीत सगळ्यात कठीण काय, हे भाऊंना विचारायची चूक प्रत्येक नवा माणूस एकदा तरी करायचाच. मग तासभर सुटका नाही. "नेम तं कोणालेही जमते. दम अर्धा सोडून थांबनं कठीण. चाप असा दाबनं कठीण, का छर्रा सुटला त्याचं आपल्यालेच नवल वाटलं पायजे." त्यासाठी ते नळीवर धानाचा एक दाणा ठेवत आणि रिकाम्या रायफलचा चाप ओढायला लावत. दाणा पडला की पुन्हा. पहिला महिनाभर मी एकही छर्रा उडवला नाही, नुसतं धान वेचलं.

पण भाऊंच्या लेखी खरी परीक्षा त्याच्याही पुढची. छर्रा सुटला, की कार्ड पाहायच्या आत तो कितव्या वर्तुळात लागला ते मोठ्याने सांगायचं. "आधी सांग, मंग पाय!" ज्याला सांगता येत नाही त्याने चाप ओढताना डोळे मिटले, असा त्यांचा निकाल. मी सुरुवातीला दर वेळी "नऊ!" म्हणायची. कार्डावर असायचे चार. "काऊन वं पोरी," भाऊ म्हणत, "मनातली आस नको सांगू. छर्रा सांग."

हा नियम त्यांनी गावभर लावला होता. लग्नाच्या पंगतीत शेजाऱ्याने वरणाला हात लावायच्या आत विचारत, "मीठ कमी का जास्त? आधी सांग." परीक्षा देऊन येणाऱ्यांना रस्त्यातच गाठून गुण विचारत, म्हणून आम्ही सगळ्या मागच्या गल्लीने घरी जायचो. स्वतः भाऊंचं सांगणं मात्र कधी चुकलं नाही. दर सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं, की गोदामात गावासमोर ते एकच छर्रा मारत, आकडा आधी सांगत, मी कार्ड आणून दाखवायची आणि टाळ्या पडायच्या. ते दिवस आठवले की अजून छान वाटतं.

नोकरी लागून मी ऊर्जानगरला गेले, तरी त्या दिवशी मूलला यायचीच. मागच्या दिवाळीआधी काकू, म्हणजे भाऊंच्या पत्नी, गेल्या. मूलबाळ नव्हतं. यंदा आले तर भाऊंचा उजवा हात थरथरत होता. चहा निम्मा धोतरावर.

"यंदा राहू द्या ना, भाऊ."

"काऊन? एकच तं छर्रा हाय."

गाव जमलं. भाऊंनी रायफल खांद्याला लावली. नळी हलताना मागच्या रांगेलाही दिसत होती. फट्! भाऊ क्षणभर तसेच थांबले आणि मोठ्याने म्हणाले, "कागदालेच नाई लागला!"

लोक हसले. त्यांना ती गंमत वाटली. मी कार्डापाशी गेले. कार्ड कोरं होतं, आणि खालच्या पोत्यातून कोंडा गळत होता. मला ते बघवेना. लोकांकडे माझी पाठ होती. केसातली पिन काढली, नवाच्या वर्तुळात टोचून फिरवली आणि कार्ड उंच धरलं. "नऊ!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणीतरी ओरडलं, "भाऊ, पहिल्यांदा तुमचं सांगनं चुकलं नं!"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. नेम तर काय, वयाबरोबर सगळ्यांचाच जातो. भाऊंना अभिमान होता तो सांगण्याचा, आणि नेम वाचवायला जाऊन मी नेमकं तेच घालवलं होतं.

गर्दी पांगल्यावर भाऊंनी चष्मा लावून कार्ड उजेडात धरलं. छऱ्याचं भोक गोल, कापल्यासारखं असतं. माझं फाटकं होतं.

"पिन हाय," ते म्हणाले.

"चुकलं, भाऊ. मी सगळ्यांना खरं सांगते."

"नको." त्यांनी कार्ड जपून सदऱ्याच्या खिशात ठेवलं. "मी केलेली भाजी जळली, तरी तुही काकू म्हने, मस्त झाली. भजनात माहा सूर घसरला, तरी म्हने, लोक डोलून राह्यले होते. ती गेल्यापासून सगळे मले खरं तेच सांगतात वं पोरी."

मग चष्मा काढून पुसत म्हणाले, "किती दिवसांनी माह्यासाठी कोणी खोटं बोललं."