बाळारामशेठ आणि सहा तारा

बाळारामशेठ पहिल्यांदा आमच्या घरी आले ते मिक्सरची तक्रार घेऊन. आवाज फार होतो अशी ती तक्रार नव्हती. त्यांचं म्हणणं असं, की आमचा मिक्सर काळी चारच्या किंचित खाली वाजतो, वरच्या मजल्यावरचा त्यांचा पंखा नेमका काळी चारमध्ये आहे, आणि दोघं एकदम चालले की त्यांच्या दाढा ठणकतात. "टीचर, एक तर तुमचा वर करा, नाय तर मी माजा बंद ठेवतो," असं म्हणून ते दारातच उभे राहिले. मी चटणी वाटायची थांबले. ते मान डोलावून वर गेले.

पेटीच्या पट्ट्यांवरून सूर सांगायची आपल्याकडे रीत आहे. काळी एक, पांढरी चार असं. बाळारामशेठना जगातल्या प्रत्येक वस्तूची पट्टी ठाऊक होती. लिफ्टची, पाण्याच्या पंपाची, कचऱ्याच्या गाडीची. सोसायटीच्या सभेत सेक्रेटरी तावातावाने बोलू लागले की हे शेजारच्याला हळूच सांगत, "पांढरी पाचवर गेला. आता खोकंल." आणि सेक्रेटरी खोकत.

मानपाड्यात जिथे आमची इमारत उभी आहे तिथे पूर्वी त्यांचं भाताचं शेत होतं. जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या फ्लॅटमध्ये ते, पत्नी यमुना आणि मुलगी दीपाली राहत. शेठ म्हणत सगळेच, पण घरातला पैसा यमुनेच्या हातात. तरुणपणी त्यांनी गावच्या बेंजो पार्टीत बेंजो वाजवला होता, म्हणून तारांशी ओळख होती. कुठलंही गाणं कानावर पडलं की त्यांचं एकच मत असे: "खाली जागा पायजे." गाणाऱ्याच्या आवाजाखाली आणखी खोल काही वाजत असलं तरच गाणाऱ्याला उभं राहायला जमीन मिळते, असा त्यांचा सिद्धांत होता.

त्यांच्या घरातलं खरं गाणं मात्र यमुनेचं. आगरी घरांत लग्नाचे विधी धवल्यांवर चालतात. धवले म्हणजे लग्नातली पारंपरिक गाणी. ती गाणारी बाई म्हणजे धवलारीण. तिच्या गाण्यात देवांना आणि गेलेल्या पूर्वजांना मांडवात बोलावलं जातं, तेव्हा कुठे हळद लागते. साथीला वाद्य कुठलंही नसतं. यमुना या भागातली नावाजलेली धवलारीण होती. तिचा आवाज इतका उंच आणि बारीक, की बरोबरच्या बाया तोंड नुसतं हलवत.

गेल्या वर्षी तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. तब्येत सुधारली, पण आवाज खोल उतरला, घोगरा झाला. एकदा फोनवर पार्सलवाल्याने तिला "भाऊ, गेट खोला" म्हटलं. त्या दिवसापासून तिने फोन घेणं सोडलं. मग बोलणंही सोडल्यासारखंच. भाजीवाल्याला बोटं दाखवायची, माझ्याशी मानेने बोलायची. अशात दीपालीचं लग्न ठरलं.

यमुनेने नवऱ्याला कुजबुजत पण स्पष्ट बजावलं, की मोहन्याकडची एक धवलारीण आहे, जाऊन तिला सांगून या. बाळारामशेठ हो म्हणाले. दुसऱ्या दिवशीही हो म्हणाले. लग्न जवळ येत चाललं आणि ते काही मोहन्याला गेले नाहीत. त्यांची थोरली बहीण, जिला सगळे जनाआत्या म्हणत, ती रोज येऊन विचारायची. धवल्यांशिवाय पोरीला हळद लावणार का? पुतण्या केतनने तोड काढली, की धवले रेकॉर्ड केलेले मिळतात, पेनड्राइव्हवर घेऊन डीजेला देतो. हे ऐकून यमुना आत निघून गेली, आणि आत्याने केतनच्या सात पिढ्या काढल्या, म्हणजे स्वतःच्याही.

याच धामधुमीत एका सकाळी बाळारामशेठ मोबाइल घेऊन माझ्याकडे आले. सहा तारांची बेस गिटार घ्यायची आहे आणि लोकांनी तिच्याबद्दल जे लिहिलंय ते सगळं इंग्रजीत आहे, तर वाचून सांगा. बेस म्हणजे खर्जातली, जाड तारांची गिटार. तिला सहसा चार तारा असतात. मी चष्मा लावून वाचत गेले. स्वस्तातल्या सहा तारांच्या गिटारीबद्दल बहुतेकांचं रडगाणं एकच होतं: सगळ्यांत जाड तार सैल पडते, नुसती भणभणते, सूर धरत नाही. काहींची मान, म्हणजे तारांखालची लांब दांडी, पिळलेली निघते. शेठ एकेक वाक्य ऐकून गंभीर होत गेले. शेवटी म्हणाले, "म्हंजे पोरीसारखीच गत. बघून केल्याबिगर नाय जमायचं."

मला रागच आला होता. घरात धवलारिणीचा पत्ता नाही आणि यांना खेळणं सुचतंय. तसं मी बोलूनही दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, की ठाण्याला दुकानात माझ्यासोबत याल का, दुकानदार इंग्रजी फाडतो. खर्च यमुनेला कळू द्यायचा नव्हता. मांडवावरच्या दिव्यांच्या माळा निम्म्या करून त्या पैशांत गिटार बसवायची, असा त्यांचा बेत होता. मला नाही म्हणता आलं नाही, याचं कारण मला आजही नीट सांगता येत नाही.

शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकून आम्ही दुकानात पोचलो तेव्हा ते घामाघूम झाले होते. संध्याकाळी मांडववाला येणार होता. दुकानदार तरुण, विनयशील. अंकल, सुरुवात चार तारांवर करा, असं तो म्हणाला. शेठ म्हणाले, सुरुवात कधीच झाली, आता शेवट चालू आहे. त्याने पाच तारांची दाखवली. तिलाही ती जाड तार होती, पण वरची सगळ्यांत बारीक तार नव्हती. नको. मग सहा तारांची नवी कोरी. किंमत ऐकून शेठ तिच्यापासून दोन पावलं मागे सरकले. अखेरीस कोपऱ्यातून एक जुनी, लालसर, खरवडलेली गिटार बाहेर आली. शेठनी ती डोळ्यासमोर आडवी धरली आणि मांडवाचा बांबू सरळ आहे का बघावं तशी एक डोळा मिटून तिची मान पाहिली. प्रत्येक पडद्यावर जाड तार दाबून, ओठ आवळून ऐकली. एका ठिकाणी ती कुरकुरली. त्यांनी दुकानदाराकडून तारेखालचा स्क्रू फिरवून घेतला, पुन्हा ऐकलं. पुन्हा फिरवून घेतला. मागे दुसरी गिऱ्हाइकं खोळंबली होती.

"हिची वरची बारीक तार नि ही जाडी, या दोनच मला पायजेत," ते म्हणाले. "मधल्या चार काढून घ्या नि भाव कमी करा."

दुकानदाराला वाटलं हे थट्टा करताहेत. त्याने माझ्याकडे पाहिलं. मग शेठनी बारीक तार छेडली आणि कुणाकडे न बघता सांगितलं, "पयली ती इथं गायची." नंतर जाड तार वाजवली. गिटार दुकानातल्या स्पीकरला जोडलेली होती; टेबलावरचा काचेचा पेला थरथरला. "आता तिचा आवाज उतरलाय. तिच्यापेक्षा खोल काय वाजलं, तर तो वर वाटंल का नाय?"

 मधल्या तारांसकट दुकानदाराने भाव कमी केला.

परतीच्या वाटेवर मी म्हटलं, हे यमुनेला सांगा. ते एकदम घाबरले. तिला दया वाटेल, म्हणाले, आणि दयेवर ती गाणार नाही. मीही सांगायचं नाही, असं माझ्याकडून कबूल करून घेतलं. शिवाय धवल्याला वाद्य म्हटल्यावर आत्या काय करेल, याचा विचार त्यांनी केलेला दिसत नव्हता.

गिटार लावायची तर यमुनेचा हल्लीचा सूर हवा, आणि ती तर बोलतच नव्हती. शेठनी उपाय शोधला. ते चपला घालून देवघरात गेले. यमुना जी ओरडली ती मला खालच्या मजल्यावर ऐकू आली. हे धावत आतल्या खोलीत गेले आणि खुंट्या पिळू लागले. सूर पक्का झाला नव्हता, म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांनी तांदळाच्या डब्यात तूरडाळ ओतली. ती पुन्हा ओरडली. यावेळी हे आनंदाने म्हणाले, "परत बोल."

यमुनेचा समज झाला, की नवरा तिच्या आवाजाची टिंगल करतोय. ती माझ्याकडे येऊन बसली. डोळ्यांतून पाणी, तोंडातून शब्द नाही. माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. मी चहा केला. त्यानंतर तिने नवऱ्याशी कुजबुजणंही बंद केलं. हळद दोन दिवसांवर होती.

हळदीच्या संध्याकाळी गावातल्या जुन्या घरासमोर मांडव भरला. दिवे निम्मेच होते, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही. दीपाली पाटावर बसली. बाया तिच्याभोवती चटईवर, मधोमध यमुना, तोंडाला पदर लावून. हळदीची वाटी तयार होती. आत्याने भावाला विचारलं, कुठे आहे तुझी धवलारीण? केतन डीजेजवळ पेनड्राइव्ह घेऊन उभा होता.

तेवढ्यात बाळारामशेठ घरातून बाहेर आले. धोतर, टोपी आणि गळ्यात ती लाल गिटार. कुणीतरी हसलं. आत्या हसली नाही. "धवल्याला वाजंत्री?" ती म्हणाली. "बाला, आपल्या आयसने बघितला असता तर चुलीत घातला असता." शेठ सरळ डीजेकडे गेले, गिटारीची वायर त्याच्या मशीनला जोडली आणि जाड तार छेडली.

काहीच वाजलं नाही. पुन्हा छेडली. मग डीजेवाल्याने गिटार उलटी करून पाहिली आणि विचारलं, अंकल, वायर हिच्यातच लावून ठेवली होती का? होती. लागलेलं वाद्य हलवायचं नाही, या बेंजोच्या काळच्या शिस्तीने शेठनी सूर लावल्यावर गिटार आहे तशी, वायरसकट, पलंगावर गोधडीखाली निजवून ठेवली होती. घरात कुणाला त्या पलंगाजवळ फिरकू दिलं नव्हतं. आणि अशा गिटारीच्या पोटात एक बॅटरी असते; वायर आत असेपर्यंत ती आतल्या आत जळत राहते. ती संपली होती. शेठचे धाकटे भाऊ बॅटरी आणायला मोटरसायकलवर निघाले, पण हळद सुकायला लागली होती, आणि आत्या थांबणाऱ्यातली नव्हती. तिने केतनला खूण केली.

मला त्या क्षणी शेठकडे बघवेना. ते मांडवात एकटेच उभे होते. मग त्यांनी वायर उपसून टाकली, बायांमधून वाट काढत आत शिरले आणि यमुनेच्या शेजारी चटईवर मांडी घातली. बाया इकडेतिकडे सरकल्या. त्यांनी जाड तार छेडली. मशीनशिवाय ती गिटार म्हणजे नुसतं लाकूड. मी पाच हातांवर होते, मला काही ऐकू आलं नाही. पण गिटारीचं टोक यमुनेच्या गुडघ्याला टेकलं होतं. ती दचकली.

त्यांनी पुन्हा छेडली. तिने पदराआडून नवऱ्याकडे पाहिलं, मग गिटारीकडे. तळहात हळूच लाकडावर ठेवला. बराच वेळ ठेवला. तिच्या चेहऱ्यावर आधी नवल आलं, मग काहीतरी उलगडल्यासारखं झालं. आणि तिने तोंडावरचा पदर काढून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा त्या खोल आवाजात म्हटलं, "यो माज्या रागाचा सूर हाय. जरा खाली घे."

 शेठनी खुंटी सैल केली. ती हात न काढता मान हलवत राहिली. आणखी. आणखी थोडी. बास.

आणि तिने धवला उचलला. आवाज जाड होता, मध्येच फाटत होता. पहिली ओळ कशीबशी पार पडली. ती ओळ परत म्हणायचं काम बाकीच्या बायांचं, आणि तिथे एक गंमत झाली. इतकी वर्षं ज्या नुसतं तोंड हलवत होत्या, त्या सगळ्यांना हा सूर झेपत होता. त्या मोकळ्या गळ्याने गायल्या. तिसऱ्या ओळीला खुद्द आत्या शिरली. केतनने पेनड्राइव्ह खिशात टाकला. पूर्वजांची नावं घेत घेत दीपालीच्या गालाला हळद लागली.

बॅटरी आली तेव्हा धवला अर्ध्यावर होता. भावाने ती खांद्यावरून पुढे केली. शेठनी मान हलवून नको म्हटलं.

जेवणाच्या पंगतीत आत्या मला समाधानाने म्हणाली, बघितलंत ना टीचर, शेवटपर्यंत वाजू दिली नाय मी ती गिटार. मी तिच्या पानात आणखी एक वडा वाढला. कारण मी शेवटपर्यंत बघत होते. बाया रंगात येऊन गात होत्या, त्या गलबल्यात त्या तारेचा आवाज यमुनेच्याही कानापर्यंत पोचणं शक्य नव्हतं. तरी शेठचं बोट त्या जाड तारेवर एका लयीत चालूच होतं, आणि यमुनेने लाकडावरचा हात काढला नव्हता.