सालोमी हे नाव गोपनीय आहे

जनतेची संवेदनशील माहिती चोरीला जाऊ नये म्हणून माणिकपुरातल्या एका सरकारी कार्यालयाने तीस जुलैला सकाळी अकरा वाजता गुप्त अल्गोरिदम लागू केला. अकरा वाजून पाच मिनिटांनी सगळी माहिती कुलूपबंद झाली. ती पुन्हा कशी उघडायची, ही माहितीही त्यातच होती.

अकरा वाजून दहा मिनिटांनी पाचूबंदरच्या सालोमी मावशी आपल्या बोटीचा परवाना न्यायला आल्या. एक ऑगस्टला मासेमारी सुरू. परवाना नसेल तर बोट बंदरातच.

"परवाना तयार आहे, मावशी," कारकून दिनानाथ म्हणाले. "फक्त कोणाचा आहे ते दिसत नाही."

"माजा हाय! सालोमीचा!"

साहेब केबिनमधून बाहेर आले.

"बाई, हे नाव गोपनीय आहे. तुम्हाला कुठून कळलं?"

"कुठून म्हंजे? बाप्तिस्म्याला फादरनी सगल्यांसमोर पुकारला!"

"म्हणजे साक्षीदारही आहेत," साहेबांनी लिहून घेतलं.

शासकीय गुपित फोडल्याबद्दल सालोमींना जागेवरच नोटीस मिळाली. दिनानाथांनी ती पडद्यावरून हातानेच उतरवली होती: तीन ओळी नुसते चौकोन, दोन ओळी प्रश्नचिन्हं.

"सात दिवसांत खुलासा द्या."

"पन कशाचा?"

"ते तुम्हाला सांगता येत नाही," दिनानाथ हळू आवाजात म्हणाले. "आम्हालाही सांगितलेलं नाही."

सालोमी तणतणत खाली उतरल्या आणि रिक्षा स्टँडजवळच्या किंजलच्या झेरॉक्सच्या दुकानात शिरल्या.

"परवाना ना, काकी? आहे की!" किंजल म्हणाली. "दिनानाथकाका सगळं इथेच टाईप करून घेतात. वरचा प्रिंटर दोन वर्षं बंद आहे."

तिने 'पाचूबंदर' नावाचं फोल्डर उघडलं. शेजारीच 'गुप्त अल्गोरिदम फायनल' आणि 'गुप्त अल्गोरिदम फायनल नवीन' अशा दोन फाइली होत्या. परवाना छापून बाहेर आला.

"आनि सही-शिक्का?"

"मागे वळा."

रांगेत साहेब उभे होते. त्यांचा मंजूर झालेला रजेचा अर्ज अल्गोरिदमने गिळला होता आणि संध्याकाळी गोव्याची गाडी होती. त्यांनी मशीनच्या झाकणावर परवाना ठेवून सही केली, खिशातला शिक्का मारला.

"आनि माजी नोटीस?"

"कोणाला दिली ते आता आम्हाला दिसत नाही," साहेब म्हणाले.

एक ऑगस्टला सालोमींची बोट समुद्रात गेली. कार्यालयाला माहिती-सुरक्षेचं प्रमाणपत्र मिळालं. तेही किंजलकडेच लॅमिनेट झालं.

तुम्ही हसताय, हसा. पण किंजलच्या कॉम्प्युटरवर 'इतर' नावाचंही एक फोल्डर आहे. तुमच्या आधार कार्डावरचा फोटो जरा काळपट आलाय, एवढंच.