सदूनाना आणि कॅनडाचं रिटर्न

आमच्या पोशीरचे सदूनाना सरकारशी बसून बोलत नाहीत. तलाठ्याचा फोन आला तर जेवणावरून उठून उभे राहतात. रसायनीच्या कारखान्यात जन्म गेला, तिथं साहेबापुढं उभं राहायची सवय लागली असेल, असं मला वाटायचं. पण मोबाइलवर विजेचं बिल भरतानाही ते उभेच. "सरकारला दिसत नाय, पन आपल्याला कळतं ना," असं त्यांचं म्हणणं.

त्यांचा नितेश कॅनडाला शिकायला गेला आणि शिकता शिकता एका बेकरीत काम करू लागला. तिथं कमावलं की विद्यार्थ्यालाही आयकराचं रिटर्न भरावं लागतं हे कळल्यावर नाना हरखले. पण पोराला एकट्याला भरू देणं त्यांना पटेना. "कुठं वाकडं व्हाया नको रं," म्हणून त्यांनी व्हिडिओ कॉल लावायला लावला आणि शेजारचा म्हणून मला साक्षीला बसवलं. माझं इंग्रजी बरं, एवढीच माझी लायकी. नितेशची आई, आमच्या काकी, उंबऱ्यात वालाच्या शेंगा सोलत ऐकत होत्या.

नितेश एकेक प्रश्न वाचून मराठीत सांगायचा. कॅनडाबाहेर काही उत्पन्न आहे का, असं आलं तेव्हा नाना विचारात पडले. परसातला आंबा त्यांनी नितेशच्या नावानं लावला होता. ते आंबे धरायचे का? नितेश म्हणाला, ते तर आपण घरात खातो. "खाल्लं म्हनून काय झालं? पिकलं ना?" काकींना हसू आवरेना.

मग आलं, करासाठी तुम्ही कुठले रहिवासी? तिथंच खोली घेऊन राहतो, तिथंच कमावतो, म्हणून कॅनडाचा लिहायचं, असं नितेशनं सांगितलं. नाना ऐकेनात. घर पोशीरला, रेशनकार्डावर नाव पोशीरला, मग माणूस कॅनडाचा कसा? हे फक्त करापुरतं आहे, असं मी समजावून पाहिलं. करापुरतं का होईना, खोटं ते खोटंच, असं त्यांनी मला सुनावलं. शेवटी फोन ठेवल्यावर नितेशनं काय ते बरोबर भरलं. पुढच्या वर्षीही हाच वाद झाला, आणि मधे मीच सापडलो.

गेल्या दिवाळीच्या आधी काकी गेल्या. नितेशचा व्हिसा वाढवायचा अर्ज तेव्हा अडकलेला. अशात देश सोडला तर परत घेतील की नाही, कुणी धड सांगेना. तरी तो रडत येतोच म्हणत होता. नानांनी त्याला येऊ नको म्हणून बजावलं आणि अग्नी स्वतः दिला. गावात लोक बरंच बोलले. नाना कुणाच्या तोंडाला लागले नाहीत. भात निघाल्यावर त्यांनी वाल काही पेरला नाही, रान तसंच पडून राहिलं.

यंदाही मला बोलावणं आलं. आपल्याकडं संध्याकाळ, तिकडं सकाळ. नितेश भराभर वाचत होता. रहिवाशाच्या प्रश्नाशी मात्र घुटमळला. हे मी नंतर बघतो, म्हणाला.

"नंतर कशाला? कॅनडाचा लिव," नाना म्हणाले.

 मग हळूच म्हणाला, "नाना, मी यायला पाहिजे होतं."

"मीच नको म्हनलो रं. तू लिव."

त्यानं लिहिलं. उरलेले प्रश्न थोडेच होते, तेही संपले. आता पाठवतो, म्हणत तो उठला. त्याला बेकरीत पोचायचं होतं, जाकीट अंगात चढवलेलंच होतं.

नानांनी माझ्या हातातून फोन घेतला. "पाठवू नको येवढ्यात. घाईत कायतरी ऱ्हायलं आसंल. पयल्यापासनं वाच एकदा."

काही राहिलं नव्हतं. मला माहीत होतं, नितेशलाही. त्यानं घड्याळाकडं पाहिलं. मग जाकीट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकलं, खाली बसला आणि आपल्या नावापासून वाचायला लागला.