कारण : वीज गेल्याने

गायकर नानांच्या घरात कुकरची शिट्टी अडकली तरी तिची रजिस्टरात नोंद होते. तारीख, बिघाड, कारण, कोणामुळे, हजर कोण, असे रकाने. अगदी कडेला दोन बारीक रकाने, ‘वीज’ आणि ‘पाणी’. ते बिघाड असो-नसो, रोज भरायचे. मी पहिल्यांदा ते रजिस्टर पाहिलं तेव्हा उघड्या पानावर लिहिलं होतं : ‘दाराची बेल बंद. कारण : आत पाल. कोणामुळे : पाल.’

नानांनी आनंदनगर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तीस वर्षं मेन्टेनन्स सांभाळला. निवृत्त झाले, पण खिशातला टेस्टर काही निवृत्त झाला नाही. बदलापूरच्या कुळगावातली आमची इमारत त्यांच्या शेतावर उभी आहे, त्यामुळे तळमजल्यावरचा फ्लॅट त्यांचा आणि आमची गाडी कुठे लावली यावर मत देण्याचा हक्कही त्यांचाच. “बरोबर माज्या बांधावर लावलीस,” ते खिडकीतून म्हणायचे. मी निमूटपणे गाडी त्यांच्या भाताच्या खाचरात सरकवायचो.

मला ते ‘इंजिनेर’ म्हणत. मी कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे हे खरं, पण तिथे मी खुर्च्या, चहा आणि एसीचं बघतो. हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. कुणी इंजिनेर म्हटलं की पाठ आपोआप ताठ होते, त्याला काय करणार.

तर या इंजिनेरला एका संध्याकाळी खाली बोलावणं आलं. टीव्हीशेजारी पावाच्या लादीएवढा एक काळा डबा होता, त्यावर हिरवा दिवा लुकलुकत होता. उल्हासनगरच्या कॅम्प चारमधून आणलेला. आत एक डिस्क. आपले फोटो, आवाज, कागद आपल्याच घरात साठवायचे आणि जगात कुठूनही उघडायचे, अशी ती सोय.

“ही आपली कनगी,” नाना म्हणाले. “आपला दाना आपल्या घरात. दुसऱ्याच्या गोदामात कशाला ठेवायचा?”

कणगीत एकच दाणा होता, पण लाखमोलाचा. नानांच्या बायकोचे, हिराकाकूंचे धवले, म्हणजे लग्नातली गाणी. आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण गाते तेव्हा विधी पुढे सरकतात. भटजी असले तरी त्यांना थांबावं लागतं. हिराकाकू पंचक्रोशीतल्या नावाजलेल्या धवलारीण. देवाघरी जायच्या आदल्या वर्षी त्यांनी नानांच्या मोबाइलवर छत्तीस धवले गाऊन ठेवले, एका अटीवर : हे कुणाला पाठवायचे नाहीत. एकदा का फॉरवर्ड झाले की कुणीतरी हळदीच्या डीजेत घालील. “माज्या आवाजावर पोरं बाटल्या डोक्यावर घेऊन नाचतील,” त्या म्हणाल्या होत्या. नानांनी सगळं डब्यात भरलं. मोबाइल पुढे विहिरीत पडला. रजिस्टर : ‘कोणामुळे : स्वतः.’

आता त्यांची मुलगी कल्पना मस्कतला, आणि तिच्या मुलीचं लग्न मे महिन्यात इथे बदलापुरात. कल्पनाला आईचे धवले आईसारखेच शिकून लग्नात स्वतः गायचे होते. तिथून डबा उघडून रोज ऐकायचे. फक्त डबा तिथून उघडत नव्हता. घरात उघडायचा, बाहेरून नाही.

“कारन काय?” नानांनी विचारलं. हे त्यांचं पालुपद. पाऊस पडला तरी ते कारण विचारतात.

मी “बघतो” म्हणालो. त्यानंतर तीन आठवडे मी रोज सात वाजता खाली उतरलो. वायर काढली, लावली. पासवर्ड बदलला, विसरलो, पुन्हा बदलला. मस्कतहून कल्पना विचारायची, “दादा, आता करू का ट्राय?” मी “कर” म्हणायचो आणि ती “नाही हो” म्हणायची. मधल्या वेळात नाना चहा करायचे आणि कारखान्यातल्या बॉयलरच्या गोष्टी सांगायचे. “मशीन खोटा बोलत नाय, इंजिनेर. मानूस बोलतो.” मी मान डोलवायचो.

मग एक शुक्रवार आला. शुक्रवारी एमआयडीसीला सुट्टी, आणि दुरुस्तीसाठी वीज गेली तर ती बहुधा याच वारी. मी रजेवर होतो. दुपारी नाना डुलकी काढायला आत गेले. डब्याच्या मागे एक बारीक भोक दिसलं. मोबाइलवरच्या एका व्हिडिओत कुणीतरी सांगितलं होतं, टाचणी घाला, सगळं ठीक होतं. मी घातली. पडद्यावर इंग्रजीत प्रश्न यायला लागले. खुर्च्यांच्या ऑर्डरी मंजूर करताना करतो तसं मी हो, हो, हो करत गेलो. शेवटच्या प्रश्नात ‘डिस्क’ आणि ‘कायमचं’ हे शब्द होते. ते मी हो केल्यानंतर वाचले.

हिरवा दिवा आधीसारखाच लुकलुकत होता. आत काही नव्हतं.

नाना उठून आले. डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “कारन काय?”

आणि मी म्हणालो, “वीज गेली होती नाना, मधेच. झटका बसला असेल.”

त्यांनी डब्यावरून एकदा हात फिरवला. मग त्यांनी रजिस्टर काढलं, चष्मा लावला आणि लिहिलं. मी उलट्या बाजूने वाचलं : ‘कारण : वीज गेल्याने.’ ‘कोणामुळे’च्या रकान्यात आडवी रेघ. माझा जीव भांड्यात पडला. असल्या भांड्यात पुन्हा जीव पडू नये.

डिस्क घेऊन ते एकटेच कॅम्प चारला गेले. परत आल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाले, “शेठ बोल्ला, साईं, इसमें तो झाडू लग गया है. कुछ नहीं बचा.” कल्पनाला त्यांनी फोनवर सांगितलं तेव्हा मी जिन्यात उभा होतो. पलीकडून काही ऐकू येत नव्हतं. नाना फक्त “रडू नको गो, रडू नको” म्हणत होते.

पुढच्याच आठवड्यात इंटरनेटवाला बिल घ्यायला आला. डबा बाहेरून का उघडत नाही, असं त्याला सहज विचारलं, तर तो हसला. “साहब, पूरी बिल्डिंग का बाहर का पता एकच है ना. बाहेरून आलेला पाहुणा फाटकावरच उभा राहणार, त्याला घर कसं कळेल? अलग पता देता हूँ.” दहा मिनिटांत मस्कतहून डबा उघडला. बिघाड डब्यात कधी नव्हताच.

मी खाली जाणं बंद केलं नाही. बंद केलं असतं तर संशय आला असता, एवढाच माझा विचार. चहा प्यायचो, बॉयलर ऐकायचो. एकदा नाना दूध आणायला गेले आणि रजिस्टर टेबलावर राहिलं. का कोण जाणे, मी तो शुक्रवार काढला. ‘कारण : वीज गेल्याने.’ आणि त्याच ओळीत, कडेच्या बारीक रकान्यात, त्याच सुबक अक्षरात : ‘वीज : दिवसभर होती.’

नाना दूध घेऊन आले तेव्हा मी रजिस्टर हातात धरून उभा होतो. सगळं सांगितलं. टाचणीपासून खुर्च्यांपर्यंत. पेन पुढे केलं. “इथे माझं नाव लिहा.”

“रजिस्टरात खाडाखोड चालत नाय,” ते म्हणाले आणि दूध तापायला ठेवलं.

“पण तुम्हाला माहीत होतं.”

“टाचनी डब्यावरच पडली होती की.”

“मग लिहिलं का नाहीत?”

त्यांनी दुधाकडे पाठ केली. “तुजा नाव लिवला असता, तर तू परत खाली उतरला असतास?”

दूध उतू गेलं. त्याचं कारण मात्र त्यांनी विचारलं नाही.

त्या संध्याकाळपासून नाना स्वतः गायला लागले. धवले बायांनी गायचे, पण ऐकून ऐकून अर्धेमुर्धे त्यांना पाठ होते. आवाज गंजलेल्या व्हॉल्व्हसारखा. एकीने ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी ती उचलायची, अशी रीत. उचलणारं कुणी नसेल तर त्यांना पुढची ओळ सुचेना. म्हणून मी उचलायचो. मोबाइलवर भरून घ्यायचो आणि डब्यात टाकायचो. मस्कतला ते त्याच रात्री उघडायचे.

“बाबा, मागे कोण गातंय?” कल्पनाने फोनवर विचारलं.

“तो व्हय? मेन्टेनन्सवाला.”

लग्नात ती गायली. चांगली गायली असं सगळे म्हणाले. म्हाताऱ्या बाया मात्र मधेच एकमेकींकडे बघत होत्या, कारण काही ओळी शब्दांशिवाय नुसत्या गुणगुणण्यातच निघून जात होत्या. नाना मांडवाच्या खांबाला टेकून, ओठ हलवत, त्या मोकळ्या जागा शोधत होते.

लग्न झालं, तरी आम्ही सात वाजता बसतो. छत्तीस होते. अकरा झालेत. बाराव्याची पहिली ओळ नानांना आठवते. ते ती म्हणतात, मी उचलतो, आणि दुसरी सुचेपर्यंत ते तीच पुन्हा म्हणतात.